पिशवीवाल्यांची सर्वसाधारण सभा

सोसायटीचा सेक्रेटरी निवडून येत नाही, तो सापडतो. वार्षिक सर्वसाधारण सभेत "यंदा सेक्रेटरी कोण?" हा विषय निघाला की सभासद एकदम आपापल्या चपलांचे पट्टे तपासू लागतात. कुणाला गॅसवर दूध ठेवल्याचं आठवतं, कुणाचा फोन न वाजताच कानाला लागतो. अशा वेळी जो एकटा माणूस मान वर करून समोर बघत बसलेला असतो, तो पुढची वीस वर्षं सेक्रेटरी असतो. मानधन शून्य. टाकी भरली नाही तर दोष त्याचा, भरून वाहिली तरी त्याचाच. थकबाकीदार त्याच्याशी बोलत नाहीत आणि जे वेळेवर मेंटेनन्स भरतात ते त्याच्याशी फारच बोलतात. घरी बायको म्हणते, "राजीनामा द्या." तो देतो, दरवर्षी देतो. पण राजीनामा मंजूर करायला सभा लागते, सभेला कोरम लागतो आणि कोरम जमवायचं काम सेक्रेटरीचं असतं.

माझे सासरे अप्पा हे या जातीचा अस्सल नमुना. डोंबिवली पूर्व, चार मजले, लिफ्ट नाही, बोअरवेल आहे पण तिला पाणी नाही, अशा सोसायटीचा कारभार त्यांनी वर्षानुवर्षं वाहिला. अप्पांची उंची पाच फूट तीन इंच, अंगकाठी किरकोळ. आवाज मात्र असा की तळमजल्यावरून हाक मारली की गच्चीवरचा माणूस पंप बंद करून, हात धुऊन, खाली येऊन उभा राहतो. या आवाजावर त्यांनी एक तत्त्वज्ञान उभारलं आहे.

"जावईबापू, सभेत आवाज झालाच पाहिजे," ते मला लग्नाच्या बैठकीतच म्हणाले होते. "सभेत जो आवाज होत नाही तो जिन्यात होतो. जिन्यातला पार्किंगमध्ये जातो आणि पार्किंगमधला पोलीस चौकीत. म्हणून माणसाला ओरडू द्यावं. ओरडून झालं की त्याला तहान लागते. चहा पाजावा आणि ठरावावर सही घ्यावी."

असा माणूस सासूबाईंना घेऊन सहा महिन्यांच्या व्हिसावर मेलबर्नला आमच्या घरी आला. आम्ही राहतो ग्लेन वेव्हर्लीच्या बाजूला. बसकी घरं, पुढे हिरवळ, मागे कुंपण आणि सगळीकडे शांतता. पहिल्या आठवड्यात अप्पा रोज सकाळी स्वेटर-माकडटोपी घालून फाटकापाशी उभे राहत. पळणारी माणसं "मॉर्निंग!" म्हणत आणि अप्पांनी उत्तरादाखल घसा साफ करेपर्यंत पुढच्या वळणावर पोचलेली असत. कचऱ्याचे रंगीत झाकणांचे डबे लोक रात्री गुपचूप रस्त्याच्या कडेला आणून ठेवत आणि दुसऱ्या दिवशी गुपचूप आत नेत. कुणाचा डबा कुणाच्या दारात, यावरून एक शब्द नाही.

"इथे माणसं भांडत नाहीत?" अप्पांनी विचारलं.

"भांडतात. ई-मेलवर."

मग त्यांना कुंपणाचं प्रकरण सांगावं लागलं. आमच्या आणि शेजाऱ्यांच्या मधलं लाकडी कुंपण कलंडलं होतं. व्हिक्टोरिया राज्यात असं कुंपण साधारणपणे दोन्ही घरांनी निम्म्या-निम्म्या खर्चानं उभारायचं असतं, त्यासाठी १९६८ चा कायदाच आहे. पण कोणतं लाकूड, किती उंच आणि सुतार कुणाचा, यावर शेजाऱ्यांशी माझा पत्रव्यवहार चालला होता. प्रत्येक पत्राच्या शेवटी दोघेही 'काइंड रिगार्ड्‌स' लिहीत होतो आणि त्यातला दयाळूपणा पत्रागणिक कमी होत होता.

"तो माणूस आहे कुठे?" अप्पा.

"पलीकडेच. टोमॅटोला पाणी घालतायत."

अप्पांनी कुंपणाच्या फटीतून पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. सभेला न येता नोटीस बोर्डावर निनावी चिठ्ठी लावणाऱ्या सभासदाकडे बघायची त्यांची एक नजर आहे. तीच होती.

त्याच आठवड्यात एका रात्री अप्पांनी आमचं दार ठोठावलं. हातात टॉर्च.

"वरच्या मजल्यावर कोण राहतं?"

"अप्पा, आपल्याला वरचा मजला नाही."

"मग खोकतंय कोण?"

खरंच कुणीतरी खोकत होतं. आधी घशातला जाड खोकला, मग फिस्कारणं, मग छपरावरून धावत गेल्यासारखी धडधड, आणि शेवटी कौलं खरवडावीत तशी एक किंचाळी. माझ्या मुलीनं, मनूनं, झोपेतच निदान केलं, "ब्रशटेल पॉसम आहे आजोबा. झोपा."

अप्पा कसले झोपतात! सकाळपर्यंत त्यांनी नातीकडून सगळी माहिती काढून घेतली होती. हा पॉसम मांजराएवढा, झुपकेदार शेपटीचा, रात्री फिरणारा आणि कांगारूसारखाच पोटाला पिशवी असलेला प्राणी. पिशवीवाल्यांमध्ये बडबड्या म्हणूनच त्याची ख्याती. खोकणं, गुरगुरणं, फिस्कारणं, टकटक करणं, किंचाळणं, सगळं त्याला येतं. घशात कूर्चेची एक छोटी पोकळीसुद्धा आहे, आवाज घुमवायला. नराच्या छातीवर ग्रंथी असते, तिच्यामुळे तिथली लव तांबूस दिसते. ती छाती झाडाच्या खोडावर घासून तो आपली हद्द जाहीर करतो.

"आमच्याकडे पार्किंगमध्ये ऑइलपेंटनं स्कूटरचा नंबर लिहितात," अप्पा म्हणाले. "यानं रंगाचा खर्च वाचवला."

आणि तो छपरात का राहतो, याचं कारण ऐकल्यावर तर अप्पांनी खुर्ची पुढे ओढली. पॉसमचं मूळ घर म्हणजे जुन्या झाडाची ढोली. निलगिरीच्या झाडाला अशी ढोली पडायला शंभर-शंभर वर्षं लागतात. शहर वाढलं, जुनी झाडं गेली, ढोल्या गेल्या. मग कौलाखालच्या उबदार पोकळीत शिरण्यावाचून त्याला गत्यंतर उरलं नाही.

"म्हणजे जागेची टंचाई!" अप्पांचा चेहरा कित्येक दिवसांनी उजळला. परदेशात त्यांना शेवटी एक ओळखीचा विषय भेटला होता.

दुसऱ्या रात्री तर सभाच भरली. छपराच्या पन्हाळीवर दोन पॉसम समोरासमोर, मागच्या पायांवर उभे. एकानं खोकून सुरुवात केली, दुसऱ्यानं खरखरीत हरकत घेतली. पहिल्यानं किंचाळून हरकत फेटाळली. हे बराच वेळ चाललं आणि कुणी कुणाला बोट लावलं नाही. अखेर दुसरा पाठ फिरवून लिंबाच्या झाडावरून खाली उतरला आणि निघून गेला. अप्पा अंगणात शाल पांघरून उभे होते.

"बघितलंत? एक ओरखडा नाही. याला म्हणतात सभा!"

माझ्या बायकोला मात्र छपरातला हा अनधिकृत पोटभाडेकरू नको होता. तिनं परवानाधारक पॉसम पकडणाऱ्याला बोलावलं. अप्पांनी त्याला चहा दिला आणि समोर बसवून कायदा वदवून घेतला. पॉसम संरक्षित प्राणी आहे, त्याला मारता येत नाही. छपरातल्या ब्रशटेलला पिंजरा लावता येतो, पण पकडल्यावर त्याच आवारात, पकडल्या जागेपासून ५० मीटरच्या आत सोडावं लागतं. गाडीत घालून दूरच्या रानात नेऊन सोडणं हा गुन्हा. कारण दूरच्या रानातली प्रत्येक ढोली आधीच कुणाच्या तरी नावावर असते आणि असा नेऊन सोडलेला पॉसम बहुधा जगत नाही. त्यापेक्षा छपराचं भोक बुजवायचं आणि अंगणातल्या झाडावर लाकडी पेटी टांगायची, म्हणजे तो तिथे राहायला जातो.

"पन्नास मीटर!" अप्पा तो माणूस गेल्यावरही पुटपुटत होते. "बिल्डरांना हे कुणीतरी सांगायला हवं." आणि त्यांनी ते वहीत लिहून घेतलं. अप्पांची वही लांबट, निळ्या पुठ्ठ्याची. ती ते मुंबईहून येताना घेऊनच आले होते. सेक्रेटरी परदेशी गेला तरी इतिवृत्ताची वही सोडत नाही.

त्या वहीत पुढे एकेक सभासदाची नोंद होत गेली. मागच्या झुडपात काटक्यांचं गोल घरटं करून राहणारे रिंगटेल पॉसम निघाले. हे कुटुंबवत्सल. नर-मादी एकत्र राहतात, नर पिल्लांना पाठीवर घेऊन हिंडतो, आणि आवाज म्हणाल तर बारीक, पाखरासारखी चिवचिव. अप्पांनी शेरा मारला : 'मेंटेनन्स वेळेवर. सभेस अनुपस्थित.'

मनूच्या शाळेला वसंताची सुट्टी लागली तेव्हा आम्ही ग्रेट ओशन रोडनं केनेट रिव्हरला गेलो. तिथल्या निलगिरींवर कोआला दिसतात. दिसतात म्हणजे फांदीच्या बेचक्यात झोपलेले दिसतात. निलगिरीच्या पानांत कस कमी आणि ती पचायला जड, म्हणून कोआला दिवसाचे अठरा-वीस तास झोपून काढतो. पर्यटक टाचा उचलून, कुजबुजत फोटो काढत होते. अप्पा म्हणाले, "हा चेअरमन असणार."

तेवढ्यात चेअरमन बोलले. श्वास आत घेताना घोरल्यासारखं आणि बाहेर टाकताना ढेकर दिल्यासारखं, असं आळीपाळीनं, एवढ्या खोल आवाजात की शेजारच्या बाई रस्त्यावर कुठली मोटारसायकल आली म्हणून मागे वळून पाहू लागल्या. हवा धरलेला टाकीचा पंप सुरू व्हावा तसा तो आवाज होता. तिथे जमलेल्यांत फक्त अप्पाच असे होते की ज्यांना तो ऐकून घरची आठवण झाली.

हॉटेलवर मनूनं गंमत वाचून दाखवली. आठ-नऊ किलोचा हा जीव; त्याच्या आकाराच्या प्राण्याचा आवाज खरं तर पातळ हवा. पण कोआलाच्या आवाजाची पट्टी अपेक्षेपेक्षा साधारण वीसपट खालची, हत्तीला शोभेल अशी. हे जमतं कसं, ते बेंजामिन चार्लटन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये शोधून काढलं. नेहमीच्या स्वरयंत्राखेरीज कोआलाला मऊ टाळूपाशी आणखी एक जाडजूड स्वरपट्ट्यांची जोडी असते, आणि हा खर्ज तिथून निघतो.

"पुन्हा वाच," अप्पा म्हणाले. "आजीला ऐकू जाईल असं वाच. आवाजाचा उंचीशी संबंध नाही."

"आहे आजोबा," मनू म्हणाली. "मोठा कोआला आणि लहान कोआला यांच्या आवाजात फरक असतो. दुसऱ्या कोआलांना तो कळतो. माद्या आवाजावरून ठरवतात, आणि नर मोठ्याचा आवाज ऐकून लांब राहतात."

अप्पांनी पहिलं वाक्य सोडून दिलं आणि शेवटचं धरलं. "लांब राहतात! म्हणजे दोघं ओरडतात, म्हणूनच समोरासमोर यायची पाळी येत नाही. आणि आमची कमिटी मला म्हणते, अप्पा, हळू बोला."

कांगारूंनी मात्र त्यांची निराशा केली. ग्रँपियन्सच्या डोंगरात हॉल्स गॅप नावाचं गाव आहे. तिथल्या मैदानावर संध्याकाळी करडे कांगारू घोळक्यानं चरायला येतात. अप्पा मोठ्या आशेनं बाकावर बसले. एवढा जमाव, पण चर्चा नाही. सगळे खाली माना घालून गवत खात होते. मधेच दोन तरुण नरांनी उभं राहून एकमेकांना ढुशा दिल्या, त्याही न बोलता. "कोरम आहे, पण अजेंडा नाही," अप्पा म्हणाले.

मग एका मादीनं मान वर केली. कुठून तरी कुत्रा आला होता. ती काही बोलली नाही, फक्त मागचा पाय जमिनीवर दणकन आपटला, आणि क्षणात मैदान रिकामं.

"हं," सासूबाई म्हणाल्या. दिवसभरातला त्यांचा हा पहिला उद्गार होता.

अप्पांनी वही मिटली. कारण सासूबाईही बोलत नाहीत. त्या स्वयंपाकघरात पातेल्याचं झाकण ठेवतात, ते एका विशिष्ट प्रकारे ठेवलं गेलं की चार मजल्यांचा सेक्रेटरी पेपर घडी करून आंघोळीला पळतो. नंतर मैदान पुन्हा भरलं तेव्हा त्यांनीच आम्हाला दाखवलं : तीच मादी पिल्लाकडे वळून अगदी हळू, जिभेनं टक्‌-टक्‌ करावं तसा आवाज काढत होती आणि भरकटलेलं पिल्लू बरोबर तिच्याकडे येत होतं. "सगळ्यांना ऐकू जायला कशाला हवं?" सासूबाई म्हणाल्या. "ज्याला बोलावलंय त्याला गेलं म्हणजे झालं." या वाक्याची नोंद वहीत नाही.

डिसेंबरात आम्ही टास्मानियाला गेलो. अप्पांच्या सगळ्या चिंतनाचं सार त्यांना तिथे मिळालं. क्रेडल माउंटनजवळ टास्मानियन डेव्हिल पाळून वाढवणारं एक केंद्र आहे. लहानशा कुत्र्याएवढा, काळा, छातीवर पांढरा पट्टा, आणि जबडा अंगाच्या मानानं फार मोठा. रात्रीच्या अंधारात याचं ओरडणं ऐकून युरोपातून आलेल्या वसाहतवाल्यांनी याला सैतान ठरवलं. एरवी हा एकटा राहणारा. पण रानात एखादं मेलेलं जनावर पडलं की दोन-पाच, कधी दहा-बाराही डेव्हिल वासावर जमतात. एकत्र येणं म्हणजे जेवायला येणं, आणि जेवण म्हणजे भांडण.

रखवालदार बाईंनी कुंपणाच्या आत वॉलबीची, म्हणजे छोट्या कांगारूची, तंगडी टाकली आणि सभेला प्रारंभ झाला. एक गुरगुरला, दुसऱ्यानं भुंकून उत्तर दिलं. तिसऱ्यानं नाक फेंदारून शिंक दिली. शिंक हे डेव्हिलांमध्ये आव्हान असतं. मग सगळ्यांच्या किंकाळ्या एकात एक मिसळल्या. संतापानं त्यांचे कान लालबुंद झाले होते. शेजारची गोरी मुलं आईच्या मागे लपली. अप्पा मात्र कठड्याला पोट टेकून, डोळे अर्धवट मिटून ऐकत होते.

बाई सांगत होत्या : डेव्हिड पेंबर्टन आणि डीन रेनूफ यांनी मेलेल्या जनावरांजवळ पाळत ठेवून या प्राण्यांचा अभ्यास केला, तो १९९३ मध्ये प्रसिद्ध झाला. जेवताना डेव्हिल २० प्रकारचे पवित्रे घेतात आणि ११ प्रकारचे आवाज काढतात. कुणी आधी खायचं, ते बहुतेक वेळा या आवाजांवर आणि पवित्र्यांवरच ठरतं. खरी मारामारी होते, पण कमी.

"अकरा!" अप्पांनी माझा दंड धरला. "आमच्या सभेत मी नऊपर्यंत मोजलेत."

तेवढ्यात कोपऱ्यातल्या एका डेव्हिलनं जबडा फाकून मोठी जांभई दिली. सगळे दात दिसले. मनू म्हणाली, "बापरे, किती रागावलाय!"

"नाही," बाई हसल्या. "तो घाबरलाय. काय करावं सुचत नसलं, भीती वाटली, की ते असे जांभया देतात. राग नव्हे तो."

अप्पा एकदम गप्प झाले. रात्री जेवताना म्हणाले, "आमचा खजिनदार हो. ऑडिट रिपोर्टाचा विषय निघाला की जांभया देतो. इतकी वर्षं मी समजत होतो, माज आहे. बिचारा घाबरत होता. त्याला कधी कुणी विचारलंच नाही."

आणखी एक गोष्ट बाईंनी सांगितली होती, ती अप्पांच्या मनातून जाईना. १९९६ मध्ये टास्मानियाच्या ईशान्येला डेव्हिलांच्या तोंडावर गाठी दिसू लागल्या. हा कर्करोग, पण संसर्गजन्य. एकाच्या तोंडातून दुसऱ्याच्या तोंडात चाव्यावाटे जाणारा. त्या रोगानं बेटावरचे बहुतेक डेव्हिल संपवले. चावे सगळ्यात जास्त होतात ते विणीच्या काळात. आणि संशोधकांना आढळलं ते असं की ज्यांच्या अंगावर चाव्यांच्या खुणा कमी, त्यांनाच हा रोग जास्त होतो. म्हणजे चावून घेणाऱ्यांपेक्षा चावणाऱ्यांना धोका अधिक. दुसऱ्याच्या तोंडावरची गाठ चावली की ती आपल्या तोंडात रुजते.

अप्पांनी वहीत लिहिलं : 'ओरडणारा वाचतो. चावणारा जातो.' खाली तारीख घातली आणि सही केली.

मेलबर्नला परतल्यावर दुसऱ्याच दिवशी सकाळी अंगणातून आरडाओरडा ऐकू आला. मी धावलो. कलंडलेल्या कुंपणाच्या अलीकडे प्लास्टिकच्या स्टुलावर अप्पा आणि पलीकडे बादली पालथी घालून तीवर उभे राहिलेले शेजारी. हे गृहस्थ इटलीतून तरुणपणी इथे आलेले, वय ऐंशीच्या घरात. अप्पांचं इंग्रजी सहकार खात्याच्या पत्रव्यवहारातलं, त्यांचं इंग्रजी टोमॅटोच्या बागेतलं. अप्पा ओरडत होते, "फेन्स! फिफ्टी-फिफ्टी! ॲज पर ॲक्ट!" शेजारी ओरडत होते, "पॉसम! युवर पॉसम! माय टोमॅटो!" अप्पा म्हणाले, पॉसम कुणाचाच नसतो, तो राज्य सरकारचा असतो. शेजाऱ्यांनी दोन्ही हात आकाशाकडे फेकले. अप्पांनीही फेकले. बायको म्हणाली, "अहो, सोडवा त्यांना." मी म्हटलं, "थांब, आठवा आवाज चाललाय."

थोड्या वेळानं दोघांनाही तहान लागली. सासूबाईंनी चहा पाठवला. पलीकडून टोमॅटोची पिशवी आली. मंगळवारी सुतार येणार, सुतार त्यांचा, लाकूड आपल्या पसंतीचं, खर्च निम्मा-निम्मा आणि पॉसमची पेटी त्यांच्या टोमॅटोपासून लांब, आमच्या लिंबावर, असं ठरलं. माझी सगळी ई-मेलं मिळून जे झालं नव्हतं, ते एका बैठकीत झालं. दोघं तेव्हापासून रोज सकाळी ओरडू लागले. विषय संपले होते, पण त्यावाचून कुणाचं अडलं नाही.

आता खरी परीक्षा. जानेवारीत डोंबिवलीला विशेष सर्वसाधारण सभा लागली. विषय क्रमांक तीन : इमारतीचा पुनर्विकास. अप्पांचा कार्यभार तात्पुरता तिसऱ्या मजल्यावरच्या एका तरुण सभासदाकडे होता. त्यानं तळमजल्याच्या पार्किंगमध्ये मोठा पडदा लावून अप्पांना व्हिडिओवर हजर राहायची सोय केली. तिकडे सकाळचे साडेदहा, इकडे दुपारचे चार. अप्पा इस्त्रीचा शर्ट घालून, निळी वही समोर ठेवून बसले.

कोरमअभावी सभा अर्धा तास तहकूब झाली, मग सुरू झाली. बिल्डरच्या प्रस्तावात काम पूर्ण होईपर्यंतची पर्यायी जागा बदलापूरला होती. अप्पा उठून उभे राहिले.

"सन्माननीय सभासदहो! मी ज्या देशातून बोलतोय तिथे छपरात घुसलेल्या पॉसमलासुद्धा पन्नास मीटरच्या पलीकडे हलवता येत नाही! आणि आपण तळमजल्यावरच्या वहिनींना बदलापूरला पाठवणार?"

पार्किंगमध्ये गलका झाला. पॉसम म्हणजे कोण, भाडेकरू की मालक, असं कुणीतरी विचारलं. एकजण शिंकला. अप्पांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या, चेहरा फुलला. त्यांनी खर्ज लावला. कायदा सांगितला, कोआला सांगितला, डेव्हिलांचे अकरा आवाज सांगितले. बोलता बोलता त्यांच्या लक्षात आलं की पडद्यावरचं कुणीच त्यांच्याकडे बघत नाही.

"आजोबा," मनू म्हणाली, "तुम्हाला म्यूट केलंय."

"म्हणजे?"

"तुम्ही बोलताय, पण त्यांना ऐकू येत नाही. त्यांच्याकडे बटण असतं."

अप्पा स्तब्ध. इतक्या सभांत त्यांच्या अंगावर अहवाल फेकले गेले होते, एकदा खुर्चीही. पण असं कधी झालं नव्हतं. "इतिवृत्तात काय लिहायचं?" ते कसंबसं म्हणाले. "सेक्रेटरी बोलले असं, की बोलले नाहीत असं? अरे, यापेक्षा चावला असता तरी परवडलं असतं!"

पडद्यावर तो तरुण सभासद हात वर करण्याची विनंती करत होता. पहिल्या रांगेत खजिनदार बसले होते. त्यांनी जांभई दिली. मग आणखी एक, आणि लगेच तिसरी.

"घाबरलाय!" अप्पा पडद्याला चिकटून ओरडले. "तो घाबरलाय! विचारा त्याला कशाला घाबरलाय! ॲग्रीमेंट वाचलंय त्यानं!"

कुणाला ऐकू गेलं नाही. तेव्हा अप्पांनी माझा फोन ओढून घेतला आणि सरळ खजिनदारांना लावला. पडद्यावर खजिनदार दचकले. त्यांनी शर्टाच्या खिशात हात घातला, गडबडीत फोन उचलला गेला पण बाहेर काढायचा राहिला. तशी गरजही नव्हती. अप्पांचा आवाज त्यांच्या छातीतून निघाल्यासारखा पार्किंगभर घुमला, मागच्या रांगेतले लोक उठून उभे राहिले, आणि खजिनदार जे काही गेले दोन महिने गिळून बसले होते ते भडाभडा बोलून मोकळे झाले. बँक गॅरंटीचं कलम करारात नव्हतंच.

अप्पांचा व्हिसा संपत आला तेव्हा त्या सभेचं इतिवृत्त व्हॉट्सॲपवर आलं. तरुण सभासद कामाला चोख निघाला, जे घडलं ते त्यानं जसंच्या तसं नोंदवलं होतं : 'विषय क्र. ३. सदर विषयास मा. खजिनदारांच्या खिशातून तीव्र हरकत घेण्यात आली. सबब विषय तहकूब.'